ओमला घेऊन याल तेव्हा

तुळिंज, नालासोपारा (पूर्व)

चि. स्नेहल,


सुट्टीत ओमला २६/११ च्या हल्ल्याची ठिकाणं दाखवायची म्हणतेस. जरूर दाखव, सातवीतल्या मुलाला समजतं. फक्त एका दिवसात सगळं उरकू नका आणि त्याच्या हाती मोबाईल देऊ नकोस.

कुलाब्यात नरिमन हाऊसला आधी विचारून, वेळ ठरवूनच जा. ते ज्यू लोकांचं प्रार्थनेचं ठिकाण आहे. गोळ्यांच्या खुणांपाशी ओम रेंगाळेल, रेंगाळू दे. पण सँड्रा सॅम्युएलची गोष्ट त्याला तिथेच सांग. तिथले धर्मगुरू गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची बायको रिव्का दोघं मारले गेले. त्यांच्या जेमतेम दोन वर्षांच्या मोशेला सांभाळणारी ही बाई लपली होती. पोराचं रडणं ऐकून ती वर गेली आणि त्याला छातीशी धरून बाहेर पडली. बंदुकांपेक्षा ही बाई त्याच्या ध्यानात राहायला हवी.

येताना गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंच्या पुतळ्यापाशी थांबा. तुमच्याच जावळीतल्या केडंब्याचे. हातात नुसती लाठी, तरी त्यांनी हल्लेखोर कसाबच्या बंदुकीची नळी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. तो जिवंत सापडला, म्हणून खटला उभा राहिला, साक्षी झाल्या, हल्ला कुठून आखला गेला ते जगासमोर आलं.

हे मुद्दाम लिहितेय, कारण 'कोणी केलं?' असं ओम विचारणारच. नरिमन हाऊसचं उत्तर आपल्यापाशी आहे. पण आपण गाडीने ज्या रुळांवरून जाणार, तेही एक स्मारकच आहे, आणि तिथलं उत्तर आपल्यापाशी नाही. मीरा रोड, बोरिवली, जोगेश्वरी, खार, वांद्रे, माहीम, माटुंगा: ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी याच स्टेशनांच्या आसपास, अकरा मिनिटांत, सात गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले. १८० हून अधिक माणसं गेली, बहुतेक कामावरून घरी निघालेली. आमच्या गल्लीत त्या रात्री फोन लागत नव्हते. बायका दारात उभ्या होत्या. माहीमला उतरून फलक बघा, दरवर्षी तिथे श्रद्धांजली वाहतात.

तिथे मात्र त्याला खरं सांग. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सगळ्यांना निर्दोष सोडलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मेलेल्यांच्या घरच्यांना अजून उत्तर नाही, आणि आत गेलेल्यांची वर्षंही परत येणार नाहीत. 'अजून ठरलेलं नाही, बाळा' एवढंच म्हण. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकलेलं नाव त्याच्या कानावर घालू नकोस. मुलं असलं उत्तर दुसऱ्याच दिवशी वर्गात नेतात आणि शेजारच्या बाकावरच्या पोराच्या माथी मारतात. आमच्या तुळिंजमध्ये मी हे होताना पाहिलंय, ते पोर आठवडाभर शाळेत आलं नव्हतं.

सकाळी दहानंतरच निघू, गर्दी ओसरलेली असते. डबा मी करते.

तुझी,
मावशी