रंग आपला, की मीपण?

गेल्या चातुर्मासात एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक बाई मुलीचा हात धरून पुढे आल्या. म्हणाल्या, "महाराज, तुम्ही सांगता मीपण सोडा. पोरीच्या चित्रांच्या पुस्तकात असतं, तू आहेस तशीच राहा. आम्ही तिला सांगायचं तरी काय?" प्रश्न साधा, पण आम्हांस उत्तर सुचले नाही. काहीतरी गोलमाल बोललो आणि वेळ मारून नेली. प्रश्न मात्र घरापर्यंत पाठीमागे आला. आमच्या नातीकडे तसली पुस्तके आहेत. तिला शेजारी बसवून म्हटले, "बाई, वाचून दाखव." तिने इंग्रजी वाचावे, मराठीत सांगावे आणि आम्ही चित्रे पाहावीत, असे दोन-तीन दिवस चालले.

पहिले पुस्तक एल्मर नावाच्या हत्तीचे. डेव्हिड मॅकी ह्या इंग्रज चित्रकाराने ते १९६८ साली काढले. सगळा कळप हत्तीच्या रंगाचा, आणि एल्मर तेवढा गोधडीसारखा ठिगळाठिगळांचा: पिवळा, तांबडा, निळा, हिरवा. एके रात्री त्याच्या मनाने घेतले की, आपण वेगळे म्हणून सारे आपल्याला हसतात. पहाटे तो गुपचूप निघाला, हत्तीच्या रंगाची फळे एका झुडपाखाली पाडली आणि त्यांत लोळून राखाडी झाला. परत आला तर कोणी ओळखीना. कळप गंभीर, गप्प उभा. शेवटी त्याला राहवेना; तो मोठ्याने ओरडला, सारे दचकले आणि हसत सुटले. तेवढ्यात पाऊस आला, रस धुऊन गेला आणि गोधडी पुन्हा दिसू लागली.

आता येथे पूर्वपक्ष असा की, मुलाला "तू वेगळा, तुझा रंग न्यारा" असे लहानपणापासून शिकविले तर अहंकारच पोसला जाईल. आम्हीही प्रथम हेच म्हणालो. पण वाचकहो, गोष्ट नीट पाहा. एल्मर रंगीत असून कळपात खेळत होता, तेव्हा त्याला स्वतःची आठवण तरी होती काय? मीपण शिरले ते त्या रात्री. "लोक मला काय म्हणतात, मी कसा दिसतो" ह्याने त्याची झोप उडाली. म्हणजे मीपण त्या रंगांत नव्हते, ते रंग झाकण्याच्या खटपटीत होते. अहंकाराला नेहमी दुसरा लागतो. "मी तुझ्याहून थोर" हा अहंकार, आणि "मी तुझ्यासारखा का नाही?" हाही अहंकारच. स्वभावाला दुसऱ्याशी ताडून पाहण्याची गरज नसते.

आपल्या संतांकडे पाहा. गोरोबांनी मडकी घडविली, सावतोबांनी मळा राखला, जनाबाईंनी दळण दळले. विठ्ठल एकच, पण सावतोबांना कोणी "चाकावर बसा" म्हटले नाही. मीपण सोडा म्हणून सांगणाऱ्या ह्याच मंडळींनी अभंगाच्या शेवटी आपापले नाव घातले आहे, आणि प्रत्येकाचा आवाज निराळा ओळखू येतो. गीतेनेही स्वधर्म परधर्माहून श्रेयस्कर ठरविला. मात्र स्वधर्म म्हणजे दुसऱ्याने जन्मावरून कपाळी मारलेला शिक्का नव्हे. तसा अर्थ करून लोकांनी पुष्कळ अन्याय केला. चोखोबांना देवळाबाहेर उभे राहावे लागले ते त्यामुळेच.

आणखी एक विवेक हवा. भावाला मारून "मी असाच आहे" म्हणणारे पोर स्वभाव सांगत नसते, विकार सांगत असते. ह्यासाठी दुसरे पुस्तक उपयोगी पडले. मन्रो लीफ ह्या अमेरिकन लेखकाने १९३६ साली फर्डिनांड बैलाची गोष्ट लिहिली. चित्रे रॉबर्ट लॉसनची. स्पेनमधला हा बैल झुंजत नाही. ज्याच्या सालीची बाटलीची बुचे होतात त्या झाडाखाली बसून फुले हुंगतो. भुंगा चावला म्हणून उधळतो, लोक त्याला तापट समजून माद्रिदला झुंजीसाठी नेतात. तेथेही तो मैदानात बसून बायकांच्या केसांतल्या फुलांचा वास घेतो. त्याच्या असे असण्याने कोणाला इजा नाही. आणि त्याची आई! तिला काळजी वाटते, ती विचारते, "बाळा, तू इतरांत खेळत का नाहीस?" तो सुखात आहे असे दिसताच ती त्याला तेथेच बसू देते.

ह्या पानावर आम्ही नातीला थांबविले. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा शिकावयास होता. आवाज मुळात खर्जातला, शांत. आम्ही त्यास आमच्या पट्टीत, आमच्या चालीने गावयास लावले. पोराने आमचे खाकरणेदेखील उचलले. लोक म्हणत, "हुबेहूब बुवा!" आणि आम्हांस सुख वाटे. दोन वर्षांनी त्याने गाणेच सोडले. कारण विचारले तर म्हणाला, "बुवा, मी गातो तेव्हा मला तुम्हीच ऐकू येता." तो राखाडी रस त्याच्या अंगाला आम्ही चोळला होता. शास्त्र पढलेल्या आम्हांस जे कळले नाही, ते त्या गाईला कळले.

मग वेगळेपण राखून एकटेच राहावे काय? तसेही नाही. लिओ लिओनीच्या १९६३ सालच्या 'स्विमी' पुस्तकात तांबड्या माशांत एक काळा मासा आहे. त्याचा पहिला कळप मोठ्या माशाने गिळला. पुढे भेटलेले तांबडे मासे भीतीने दडून बसलेले. त्याने त्यांना एका प्रचंड माशाच्या आकारात मिळून पोहावयास शिकविले, आणि स्वतः त्या आकाराचा डोळा झाला. काळा होता म्हणूनच डोळा होता आले. आणि कळप नसता तर नुसता डोळा काय कामाचा?

तेव्हा त्या बाई हा अंक वाचीत असतील तर त्यांस सांगणे असे. मुलीला तिचा रंग असू द्या. तो रंग कोणाच्या उपयोगी पडतो, एवढे मात्र तिला रोज विचारीत जा. आणि मीपण सोडण्याचा उपदेश तिच्याआधी आपण वडीलधाऱ्यांनी स्वतःला करावा; त्याची गरज आपल्यालाच जास्त आहे. त्या मुलाला आम्ही निरोप पाठविला आहे: "ये, आणि खर्जातच गा." तो अजून आलेला नाही.