पंपवाला आणि वारं

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावहून शिरपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टिनाचं दुकान आहे, असं समजा. दुकानदाराला नावाने कोणी हाक मारत नाही, सगळ्यांचा तो पंपवाला. सोयाबीनवर अळी पडली की त्याचा हंगाम सुरू होतो. भर दुपारी फवारणी अर्धवट टाकून शेतकरी पाठीवरच्या पंपासकट त्याच्या दारात उभा राहतो. म्हणतो, "दोरी वढून वढून खांदा गेला, पन चालूच नाई होत." पंपवाला प्लग काढतो, पॅन्टला पुसतो, त्यावर पॉलिश पेपर फिरवतो, कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बारीक तार घालून तो साफ करतो आणि दोरीला एकच झटका देतो. इंजिन चालू. धुराच्या वासावरून तो सांगतो की पेट्रोलमध्ये ऑइल जास्त पडलंय.

2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा त्याने दुकानासमोर एक उंच बांबू रोवला आणि टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. दुरुस्त पंप हातात देताना तो प्रत्येकाला बजावतो, "भाऊ, चिंधी पाहून जा. वाऱ्याकडं तोंड करून फवारू नोका." लोक हो म्हणतात. पाहतात फार थोडे.

दिवाळीनंतर पंप माळ्यावर जातात आणि हा माणूस रिकामा होतो. अशाच एका हिवाळ्यात भाच्याने त्याला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. पाठीवर इंजिन बांधलेला माणूस शेतात धावतोय, पाठीमागच्या गोल पिंजऱ्यात पंखा फिरतोय, डोक्यावर कापडाची लांबट कमान उभी राहते आणि बघता बघता माणसाचे पाय जमीन सोडतात. पॅरामोटर म्हणतात त्याला. पंपवाल्याने तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, पण कापडाकडे त्याची नजर एकदाही गेली नाही. "अबे, हे तं आपलंच टू-स्ट्रोक हाय!" एवढंच तो म्हणाला. रात्री जेवायला बसेपर्यंत त्याने मनातल्या मनात पिंजरा वेल्डही करून टाकला होता.

ताटात भाकर वाढता वाढता माय म्हणाली, "फुलसावंगीचं पोरगं आठवते ना?"

आमच्याकडे ते नाव निघालं की बोलणं थांबतं. पुसदच्या पलीकडे, महागाव तालुक्यातल्या त्या गावच्या एका तरुण वेल्डरने स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर बनवलं होतं. ऑगस्ट 2021 मध्ये, स्वातंत्र्यदिन अगदी तोंडावर आलेला असताना, जमिनीवरच चाचणी घेताना पंखा तुटला आणि तो गेला. हातात कसब असलेली अशी पोरं विदर्भात गावोगाव आहेत. कसबाची आपल्याकडे वाण नाही. त्यांच्या शेजारी उभं राहून "आज नको" म्हणणारं जाणतं माणूस मात्र फार थोड्यांच्या नशिबी असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पंपवाल्याने वेल्डिंगचा बेत सोडला आणि कामशेतची गाडी धरली.

मुंबई-पुणे रस्त्यावरचं कामशेत हे महाराष्ट्रात पॅराग्लायडिंग शिकण्याचं जुनं ठिकाण. हा खेळ मुळात डोंगरवाल्यांचा. 1978 मध्ये फ्रान्समधल्या मियुसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी मारण्याऐवजी उतारावरून धावत जाऊन पॅराशूट फुगवलं आणि थेट दरीत उतरले, तिथून हे खूळ जगभर पसरलं. पसरणीचा एक विद्यार्थी पाचगणीच्या पठारावरून ग्लायडरने उतरून परीक्षेला पोचला, तो व्हिडिओ फेब्रुवारी 2025 मध्ये तुमच्याही मोबाइलवर आला असेल. वाशीमच्या पोराने ते मनात आणलं तरी उपयोग नाही. आमच्याकडे चढउतार आहेत, पठारं आहेत, पण पाय सोडून द्यावेत असा कडा आणि समोरून त्यावर चढत येणारं वारं नाही. डोंगर नाही तिथे इंजिन लावायचं, एवढाच पॅरामोटरचा हिशोब.

कामशेतला शिकवणाऱ्या सरांनी मात्र पंपवाल्याला आल्या आल्या इंजिन दाखवलंही नाही. त्याच्या हाती कापड दिलं.

कापड म्हणजे पंख. दोन थरांचं नायलॉन, मध्ये उभे पडदे घालून पाडलेले कप्पे, आणि पुढच्या कडेला त्या कप्प्यांची उघडी तोंडं. त्यांतून वारं शिरतं, आत दाब धरतं, तेव्हा त्या लोळागोळा कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. खाली शेकडो दोऱ्या. वारं बऱ्यापैकी असेल तर पंखाकडे तोंड आणि वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, पुढच्या दोऱ्यांना हलकेच उचल द्यायची, पंख डोक्यावर आला की ब्रेक दाबून त्याला थोपवायचं आणि मग वळून धावायचं. पंपवाल्याचा हात दोरीला झटका द्यायला सवकलेला. त्याने दिला झटका. पंख उसळला, डोक्यावरून पुढे गेला आणि नाकासमोर जमिनीवर आपटला. दुसऱ्या वेळी तो डावीकडे कलला आणि हाही त्याच्यामागे फरफटत गेला. संध्याकाळपर्यंत गुडघे सोलले होते आणि तोंडात कामशेतची माती होती.

"सर, इंजिन कवा?"

"इंजिन उचलत नाही हो तुम्हाला, ते नुसतं ढकलतं. उचलतो तो पंख. पंख वाकडा असताना इंजिनने ढकललं तर तोंडावर पडाल, तेही जोरात."

चौथ्या की पाचव्या दिवशी त्याच्या ध्यानात आलं की पंखाकडे टक लावून पाहण्यात अर्थ नाही. पंख कलणार हे डोळ्यांना दिसायच्या आधी खांद्यावरच्या पट्ट्यांना कळतं. डावा पट्टा ढिला पडला की डावीकडे दोन पावलं टाकायची, पंखाच्या खाली जायचं. त्याला आपल्याकडे ओढायचं नाही. त्यानंतर तो माळावर पंख डोक्यावर धरून तासन् तास नुसता उभा राहू लागला. जमीन न सोडता. तिथे आलेले पुण्याचे दोन तरुण कंटाळून परत गेले. याला मात्र त्यात मजा वाटायला लागली होती.

शेवटी इंजिन हाती आलं तेव्हा तो जणू घरच्या मैदानावर होता. वीस-पंचवीस किलोचं ओझं पाठीवर घ्यायचं, तर भरलेल्या फवारणी पंपाची त्याला सवयच होती. तरी एक गोष्ट त्याला नवी होती. या खेळातल्या वाईट जखमांपैकी पुष्कळशा आकाशात होत नाहीत, इंजिन चालू करताना फिरत्या पंख्यात हात जाऊन होतात. सरांनी ते सांगितल्यावर पंपवाल्याने पहिल्यांदा इंजिनापासून एक पाऊल मागे घेतलं.

परत येताना त्याने एक सेकंडहँड सेट आणला. किती पडले, हा त्याच्या घरचा प्रश्न. पोलीस स्टेशन आणि तहसीलच्या चकरा झाल्या, अर्ज झाले. गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरानाची, जमीन त्याने पसंत केली, कारण तिथून विजेच्या तारा लांब होत्या. मग डिसेंबरातल्या एका पहाटे, दहिवर अजून गवतावर असताना, तो उडाला.

वर गेल्यावर पहिल्यांदा जाणवते ती थंडी. हातमोज्यांतून बोटं वाजायला लागतात. इंजिनाची घरघर पाठीत असते, पण समोर काहीच नसतं, काच नाही, दांडा नाही. पाय आपलेच, मोकळे लोंबकळणारे, आणि त्यांच्याखाली हरभऱ्याची हिरवी ठिगळं, उभी तूर, सोयाबीन निघून गेलेली काळी वावरं. जमिनीवरून सपाट वाटणारा मुलूख वरून किती खोलगट आणि उंचवट्यांचा आहे, ते कोवळ्या उन्हाच्या लांब सावल्यांत दिसतं. धुऱ्यावरून कोणाचं वावर कुठे संपतं हेही दिसतं. दोन भावांचं ज्या धुऱ्यावरून कोर्टात चाललं होतं तो त्याला वरून मुळीच सापडला नाही, आणि खाली उतरल्यावर हे तो दोघांनाही सांगून आला. लांबवर समृद्धी महामार्गाची सरळ रेघ होती. एका बाजूला शिरपूर. तिथली पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा, म्हणून अंतरिक्ष पार्श्वनाथ. चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, "तालुक्यातला देव अधांतरी होताच, आता पंपवालाबी झाला."

तो रोज उडत नसे. सकाळी नऊनंतर तर कधीच नाही. काळी जमीन तापली की तिच्यावरची हवा ठिकठिकाणाहून उसळ्या मारत वर सुटते. तूर उभी आहे तिथे कमी, उघड्या रानावर जास्त. अशी उसळी पंखाच्या एका बाजूला लागली तर ती बाजू मिटू शकते. उंचीवर ती पुन्हा फुगायला वेळ मिळतो. झाडाच्या शेंड्याएवढ्या उंचीवर तो मिळत नाही आणि राखीव पॅराशूट उघडायलाही जागा नसते.

फेब्रुवारी आला. 19 तारखेच्या शिवजयंतीला गावच्या पुढाऱ्याने परस्पर फ्लेक्स लावून टाकला: आकाशातून भव्य पुष्पवृष्टी, सायंकाळी 5 वाजता. पंपवाल्याने हात जोडले. म्हणाला, "दादा, पंखा माह्या पाठीमागं असते. हातातून सुटलेलं फूल शिवाजी महाराजांवर नाई, पंख्यात जाईन. अन् लोकायच्या डोक्यावरून मी उडत नसतो." घासाघीस होऊन ठरलं की फुलं नाहीत, गर्दीवरून जाणं नाही, तो ई-क्लासवरूनच एक चक्कर मारेल. पंख नारिंगी होताच, तेवढं पुरे.

पाच वाजता सगळं गाव माळावर. डीजे लागलेला, पोरं बैलगाडीवर चढलेली. पंपवाल्याने बांबू रोवला आणि चिंधीकडे बघत बसला. चिंधी पश्चिमेचं वारं दाखवी, मग मरगळून लटके, मग एकाएकी दक्षिणेकडून फडफडे, की पुन्हा लटकली. जमीन अजून ऊब सोडत होती. साडेपाच झाले. सहा झाले. पुढाऱ्याने माइकवर दोनदा "थोड्याच वेळात" म्हणून सांगितलं. सूर्य टेकायला आला तेव्हा चिंधीने आणखी एक गिरकी घेतली आणि पंपवाल्याने हेल्मेट काढलं. गुडघ्यांवर बसून तो पंखाची घडी घालू लागला.

आता बोधकथेच्या रिवाजाप्रमाणे इथे वावटळ यायला हवी, मंडपाचे टिन उडायला हवेत, आणि लोकांनी खजील होऊन त्याचे पाय धरायला हवेत. तसं काही झालं नाही. सूर्य बुडाला आणि वारं साफ पडलं. मशाली पेटवल्या तर ज्योती सरळ उभ्या. सबंध रात्र पान हललं नाही. पुढारी मशाल हातात धरून त्याच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "पाय, कुठं हाय तुहं वारं?" पंपवाल्याकडे उत्तर नव्हतं, असणारही नव्हतं. न केलेल्या उड्डाणात काय झालं असतं, हे सिद्ध करून दाखवायची सोय नसते. ज्याला साक्षीपुरावा लागतो त्याने हा छंद लावून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. महिनाभर पोरं त्याला "घडी पायलट" म्हणत होती.

त्या रात्री तो ओट्यावर गप्प बसला होता. म्हातारा बाप बाजेवर होता. थ्रेशर यायच्या आधी त्याची जिंदगी खळ्यावर, तिवईवर उभं राहून धान्य उफणण्यात गेलेली. तो म्हणाला, "आमी गहू उफणाले तिवईवर चढत होतो. वारं फिरतं असलं का टोपली तशीच भरेल खाली उतरवत होतो. एखाद्या टायमाले दिवस जाये. लोकं हासत."

"मंग?"

"मंग काय? दुसऱ्या दिवशी उफणत होतो. गहू थोडाच पळून जाते?" आणि कूस बदलून म्हणाला, "टाकीतलं पेट्रोल काढून ठेवलं का? ऑइल टाकेल हाय ना ते."

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवता उगवता तो उडाला. खाली बघायला कोणी नव्हतं. रात्रभर हरभऱ्यात रोही हाकलून घराकडे निघालेल्या एका जागल्याने मान वर करून पाहिलं, बिडी पेटवली आणि तो चालू लागला. पंपवाल्याने आरामात एक फेरी घेतली, पेट्रोल होतं म्हणून आणखी एक घेतली.

पुढच्या वर्षी शिवजयंतीचा फ्लेक्स पुन्हा लागला. फोटो पुढाऱ्याचाच मोठा. वेळ या खेपेला सकाळी 7 ची होती, म्हणजे पुढाऱ्याला पहाटे उठावं लागणार होतं. आणि अगदी खाली, छापणाऱ्याच्या नाव-नंबराच्या वर, बारीक अक्षरांत एक ओळ होती: हवामान अनुकूल असल्यास.