खापराचा धनी कोण?

सोपाऱ्याहून कल्याणला होडीने यायचं, तर वसईच्या खाडीत शिरून, घोडबंदर मागे टाकून कोलशेतवरूनच पुढे जावं लागतं. कोलशेतच्या रेतीबंदरासमोरचं हे पाणी प्राचीन काळी पश्चिम आशियापर्यंत पोचलेल्या एका व्यापाराची अंगणवाट होतं. कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई. एवढं आज आपण सहज म्हणतो; पण या व्यापाराकडे पाहायची दृष्टी गेल्या दीडशे वर्षांत दोनदा तरी मुळापासून बदलली आहे.

सुरुवात ग्रंथापासून झाली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासमार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर ही नावं आहेत. सारगन राजाच्या काळी कल्याण रीतसर बाजारपेठ होती; पुढे मात्र तिथे शिरलेली ग्रीक जहाजं पहारा बसवून भडोचला नेली जात, असं तिचा अज्ञात लेखक सांगतो. सातवाहन आणि क्षत्रप या राजघराण्यांमधली ही बंदरांवरून चाललेली झुंज असावी. एकोणिसाव्या शतकातले विद्वान हा ग्रंथ हाती धरून गावं शोधू लागले. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. १९०१ साली अभिलेखतज्ज्ञ फ्लीटने तगर म्हणजे आजचं तेर, हे दाखवून दिलं. त्या काळी जमिनीने फक्त ग्रंथाच्या म्हणण्याला दुजोरा द्यायचा होता.

मग १९४५ साल आलं. पुद्दुचेरीजवळच्या अरिकामेडू इथे पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरला इटलीत बनलेली तांबडी झिलईदार भांडी मिळाली. त्यांचा काळ ठाऊक होता, त्यामुळे शेजारच्या थरांचाही काळ ठरवता आला. त्याच सुमारास कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडातून पोसायडन या समुद्रदेवतेची छोटी कांस्यमूर्ती निघाली. पंचगंगेच्या काठी रोमन जगातला समुद्रदेव! त्या वेळच्या अभ्यासकांना झालेला आनंद मला आजही समजतो. पण त्या आनंदातून एक सवय लागली. दोन कानांच्या रांजणाचा तुकडा मिळाला की तो रोमन मद्याचा, काळ्या भांड्यावर बारीक रेघांची वर्तुळं दिसली की तीही रोमन. रोम येणारा, आपण किनाऱ्यावर वाट पाहणारे, असं चित्र पक्कं झालं.

या चित्राला न जुळणारा पुरावा मात्र आधीच हाती आला होता. १९३८ साली पॉम्पेईच्या राखेत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली होती. पॉम्पेई गाडलं गेलं इ. स. ७९ मध्ये, म्हणजे ती त्याआधीची. आरंभी तिचं नातं मथुरेशी जोडलं गेलं. पण जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि तेरला तशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती मिळाल्यावर नजरा मराठवाड्याकडे वळल्या. त्याच तेरला रोमन नाण्याची मातीत घडवलेली प्रतिकृतीही मिळाली आहे. ती गळ्यात घालता यावी म्हणून तिला दोरा ओवायला भोक आहे. सम्राटाचा चेहरा इथे कुणाच्या तरी गळ्यातलं लेणं झाला होता. माणसं परक्या वस्तूचं काय करायचं ते स्वतः ठरवत होती, हे मला या इवल्या चकतीत फार स्पष्ट दिसतं.

पुढचा बदल खापरांनीच घडवला. रेघांची वर्तुळं असलेली ती भांडी भारतातच घडली, असं पुरातत्त्वज्ञ विमला बेगली यांनी मांडलं. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी क्ष-किरणांनी माती तपासून तिचा माग बंगालपर्यंत नेला. रांजणांचीही तीच गत झाली. पश्चिम भारतातली खापरं खापरतज्ज्ञ रोबर्टा टॉम्बर यांनी हाताळली, तेव्हा रोमन म्हणून नोंदलेले कित्येक तुकडे दुसऱ्याच घराण्याचे निघाले. असा तुकडा उलटून आतली बाजू पाहावी: डांबराचा काळा थर चिकटलेला असतो. आतला पातळ माल झिरपू नये म्हणून तो दिलेला. कान नाहीत, तळ निमुळता. हे रांजण इराक-इराणकडचे. रोमचा भर ओसरल्यावरही कित्येक शतकं ते येत राहिले.

काहींना वाटतं, यामुळे आपला इतिहास उणावला. मला उलट वाटतं. रोमचं नाव बाजूला सरकलं, तेव्हाच आपले लोक दिसू लागले. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांच्या दानांचे लेख आहेत. हा पैसा व्यापारातून आला होता. तिकडे इजिप्तच्या लाल समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात भारतीय सागवान, साडेसात किलो मिरी आणि अलीकडे सातवाहनांची नाणी निघाली आहेत. समुद्र ओलांडणारे दोन्ही तीरांवरचे होते.

सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा ग्रीक लेखक कल्याणचं नाव पुन्हा घेतो. तिथून तांबं, लाकूड, कापड निघतं आणि तिथल्या ख्रिस्ती मंडळींचा बिशप इराणहून नेमला जातो, असं तो लिहितो. डांबर फासलेले रांजणही त्याच दिशेचे. तेव्हा खाडीकाठचा शोध सातवाहनांपाशी थांबवून भागणार नाही. कोलशेतला उंच इमारतींचे पाये खोल खणले जात आहेत, ट्रकच्या ट्रक गाळ उपसला जातो आहे. तो फेकून देण्याआधी खापरं ओळखणाऱ्या माणसाने एकदा तरी पाहावा, अशी अट बांधकामाच्या परवानगीत घालायला हवी.