न पाहिलेल्या चित्रपटाचा निवाडा

साहित्यसमीक्षेचा वाचक आणि चित्रपटसमीक्षेचा वाचक यांच्या स्थितीत एक महत्त्वाचा फरक आहे. साहित्यसमीक्षा वाचणाऱ्याला मूळ संहिता हाताशी असते. ती नसली तरी समीक्षेतील अवतरणांतून तिचा काही अंश जसाच्या तसा त्याच्यापर्यंत पोहोचतो. चित्रपटातील दृश्याचे असे अवतरण छापील शब्दांत देता येत नाही. समीक्षक दृश्याचे वर्णन करतो, म्हणजेच ज्या वस्तूचे मूल्यमापन करावयाचे ती वस्तू तो प्रथम स्वतःच्याच शब्दांनी वाचकासमोर उभी करतो. पुरावा मांडणे आणि निकाल देणे ही दोन्ही कामे अशा रीतीने एकाच व्यक्तीच्या हाती येतात. या स्थितीतून उद्भवणारा नैतिक प्रश्न प्रायः अभिरुचीच्या चर्चेत हरवून जातो. तो प्रश्न असा : जो चित्रपट पाहिलेला नाही, त्याच्याविषयीचा नैतिक निवाडा केवळ समीक्षकाच्या शब्दावर विसंबून स्वीकारणे न्याय्य आहे काय?

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण फ्रेंच चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात आढळते. जून १९६१ मध्ये 'काहिए द्यू सिनेमा' या मासिकाच्या १२०व्या अंकात जाक रिव्हेत या समीक्षकाचे एक छोटे परीक्षण प्रसिद्ध झाले. परीक्षणाचा विषय होता जिलो पोन्तेकोर्व्हो या इटालियन दिग्दर्शकाचा 'कापो' (१९६०) हा चित्रपट. नाझी छळछावणीत इतर कैद्यांवर देखरेख ठेवण्यासाठी कैद्यांतूनच नेमलेल्या व्यक्तीला कापो म्हणत. चित्रपटाची नायिका एदित ही छावणीत आणलेली ज्यू मुलगी दुसऱ्या एका मृत कैदी स्त्रीचे नाव धारण करून जीव वाचवते आणि पुढे स्वतःच कापो बनते. एमान्युएल रिव्हा या अभिनेत्रीने साकारलेली तेरेझ ही तिची सहकैदी एका क्षणी वीजप्रवाह सोडलेल्या काटेरी तारेवर झेप घेऊन जीव देते. रिव्हेतचा आक्षेप या मृत्यूनंतरच्या एका हालचालीवर आहे. त्याच्या वर्णनानुसार कॅमेरा पुढे सरकतो, तारेवरच्या देहाची खालून वर पाहणाऱ्या कोनातून पुन्हा चौकट बांधतो, आणि वर उचललेला हात अंतिम चौकटीच्या नेमक्या कोनात बसेल याची काळजी घेतो. ज्या माणसाने त्या क्षणी ही हालचाल करण्याचे ठरवले, तो केवळ तिरस्कारास पात्र आहे, असा रिव्हेतचा निवाडा होता.

हा निवाडा तपासण्यापूर्वी त्यामागील युक्तिवाद त्याच्या सर्वांत सबळ रूपात मांडणे अवश्य आहे. छळछावणीसारखा विषय हाताळू नये, असे रिव्हेतचे म्हणणे नाही. कॅमेरा हलवू नये, असेही नाही. दोनच वर्षे आधी, १९५९ मध्ये, याच मासिकाच्या एका चर्चेत अलें रेने याच्या 'हिरोशिमा मॉन अमूर' या चित्रपटाचा ऊहापोह झाला होता. रिव्हेत त्या चर्चेत सहभागी होता. कॅमेऱ्याची सरकती हालचाल ही नीतीची बाब आहे, या आशयाचे गोदारचे प्रसिद्ध विधान याच चर्चेतील. त्या चित्रपटाची नायिकाही एमान्युएल रिव्हाच होती, आणि त्यातही कॅमेरा सतत सरकत राहतो. त्याही आधी रेनेने छळछावण्यांवरील 'रात्र आणि धुके' या अनुबोधपटात ओसाड पडलेल्या छावणीतून कॅमेरा फिरवला होता. तिथे कॅमेरा सरकतो आणि त्याला कोणीही भेटत नाही : गवत, तारा, रिकाम्या बराकी. त्या हालचालीतून दिसते ते अभाव. 'कापो'मध्ये तोच कॅमेरा पुढे सरकतो तेव्हा त्याला एक देह सापडतो. हा देह त्याच्यासाठीच तिथे ठेवलेला असतो, आणि आणखी देखणा दिसावा म्हणून कॅमेरा आपली जागा बदलतो. साधन एकच, परंतु एकीकडे ते मृत्यूपुढे थबकते, तर दुसरीकडे मृत्यूला नीटनेटके करते. असह्य वस्तू पाहण्याजोगी झाली की प्रेक्षक तिला सरावतो, आणि हे सरावणे हाच अपराध होय, हा रिव्हेतच्या म्हणण्याचा गाभा आहे.

मराठी वाचकाला येथे फडके-खांडेकर वादाची आठवण होणे स्वाभाविक आहे. परंतु 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या दोन्ही भूमिकांत नीतीचा प्रश्न मुख्यतः आशयाकडे आणि प्रयोजनाकडे वळतो. रिव्हेतचा मुद्दा त्या द्वंद्वात बसत नाही. 'कापो'चा आशय निषेधार्ह नव्हता आणि हेतूही निर्मळ होता. दोष दाखवला आहे तो आकृतिबंधात, चौकट सावरणाऱ्या एका क्षणिक हालचालीत. आकृतिबंध हाच नैतिक कृती ठरू शकतो, हे येथे एका ठोस उदाहरणाने दाखवून दिले गेले. त्या परीक्षणाचे तत्त्वचिंतनात्मक महत्त्व एवढे निश्चित आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. ज्या वर्षी हे परीक्षण प्रसिद्ध झाले त्या वर्षी सेर्ज दाने हा सतरा वर्षांचा होता. पुढे तो 'काहिए'चा संपादक झाला आणि आपल्या पिढीतील अग्रगण्य समीक्षक म्हणून मान्यता पावला. जून १९९२ मध्ये त्याचे निधन झाले. त्याने स्वतः स्थापन केलेल्या 'त्राफिक' या नियतकालिकात त्याच वर्षी, मृत्यूनंतर, त्याचा एक दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. 'कापो' आपण कधीच पाहिला नाही, अशी कबुली दाने त्यात देतो. रिव्हेतच्या शब्दांनी तो आपल्याला दाखवला आणि तेवढ्यावर आयुष्यभराची दृष्टी घडली, असे तो सांगतो. त्या हालचालीतील अधमपणा ज्याला जाणवत नाही त्याच्याशी आपले काही जुळणार नाही, इतके ते परीक्षण त्याच्यासाठी श्रद्धावाक्य बनले होते. एका थोर समीक्षकाच्या नीतिविचाराचा पाया अशा रीतीने न पाहिलेल्या दृश्यावर उभा आहे.

हे कितपत ग्राह्य मानावे? कांटचे उत्तर सर्वश्रुत आहे. १७९० च्या आपल्या मीमांसेत त्याने अभिरुचिनिर्णयाची स्वायत्तता ठामपणे मांडली. इतर शंभर जणांनी एखादी कृती सुंदर ठरवली तरी त्यामुळे ती सुंदर मानण्यास कोणी बांधील होत नाही. प्रत्येकाने ती स्वतः अनुभवली पाहिजे. (रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे कांटचा हा विचार मराठी समीक्षेत चांगलाच परिचित आहे.) या दृष्टीने दानेचा निर्णय अभिरुचिनिर्णय म्हणून बाद ठरतो. तथापि दाने चित्रपट कुरूप आहे असे म्हणत नाही. तो एका कृतीला अनैतिक म्हणतो. नैतिक निर्णय तर माणसे नित्य दुसऱ्याच्या शब्दावर घेत असतात. चोरी प्रत्यक्ष न पाहता चोराला दोषी मानले जाते. साक्षीवर विसंबता येत नसते, तर न्यायव्यवहारच अशक्य झाला असता.

येथे न्यायदर्शनाची मदत होते. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द या चार प्रमाणांपैकी शब्दप्रमाणाची मदार आप्तावर असते. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार आप्त म्हणजे ज्याने वस्तूचा साक्षात्कार करून घेतला आहे आणि ती जशी पाहिली तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, असा मनुष्य. तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेच्छ, लक्षण एकच. म्हणजे आप्तत्व कुळावर वा कीर्तीवर अवलंबून नाही. ते पाहण्यावर आणि जसेच्या तसे सांगण्यावर अवलंबून आहे. ही कसोटी लावली म्हणजे रिव्हेतच्या परीक्षणातील तीन घटक वेगळे करता येतात. पहिला घटक वृत्तान्ताचा : कॅमेरा असा असा सरकला. दुसरा तत्त्वाचा : दुसऱ्याच्या मृत्यूला रेखीव चौकटीत बसवणे हा अपराध आहे. तिसरा निवाड्याचा : हे करणारा मनुष्य तिरस्करणीय आहे.

शब्दप्रमाणाचा अधिकार पहिल्या घटकापुरता निर्विवाद आहे. दुसऱ्या घटकाला साक्षीची गरजच नाही. तत्त्व ऐकणाऱ्याने स्वतःच्या विवेकाने तपासावयाचे असते. ते पटले तर 'कापो' नावाचा चित्रपट अस्तित्वात नसता तरी ते खरे राहिले असते. अडचण आहे ती तिसऱ्या घटकाची. काही क्षणांची एक हालचाल आणि माणसाविषयीचा तिरस्कार यांच्यामध्ये बरेच काही येते : त्या दृश्याच्या आधीचे आणि नंतरचे चित्रपटातील सर्व काही, त्या हालचालीचा वेग, तिचे चित्रपटभरातील इतर हालचालींशी नाते. छळ सोसणारी व्यक्ती छळाचे साधन कशी बनते, हा जो 'कापो'चा गंभीर नैतिक विषय आहे, त्यावर परीक्षणाचा भर नाही. वृत्तान्त खरा असूनही अपुरा असू शकतो, आणि निवाड्याला लागतो तो पुरा वृत्तान्त. साक्षीदाराने एकच क्षण सांगितला असेल, तर ऐकणाऱ्याला त्या क्षणाविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो. माणसाविषयी बोलण्याचा मिळत नाही.

हा भेद केवळ तार्किक नाही, कारण ज्याचा निवाडा झाला तो खरा माणूस होता. पोन्तेकोर्व्हो इटलीतील ज्यू कुटुंबात १९१९ मध्ये जन्मला, फॅसिस्ट राजवटीच्या वंशद्वेषी कायद्यांमुळे देशाबाहेर पडला आणि महायुद्धात प्रतिकारचळवळीत लढला. पुढे 'द बॅटल ऑफ अल्जियर्स' (१९६६) या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. या चरित्राने 'कापो'तील हालचाल निर्दोष ठरत नाही. यातना सोसलेल्याच्या हातूनही प्रतिमेचा अपराध घडू शकतो. परंतु २००६ मध्ये त्याचे निधन झाले त्यानंतरही असंख्य वाचकांना त्याचा 'कापो' ठाऊक आहे तो रिव्हेतच्या त्या चार ओळींपुरता. एका दृश्याविषयीचा रास्त आक्षेप पिढ्यान्‌पिढ्या हातोहात फिरत माणसाची ओळख बनला. त्यातील किती जणांनी चित्रपट पाहिला असेल, हा प्रश्न विचारण्याची गरज कोणाला भासली नाही. आक्षेप जितका नेमका आणि निवाडा जितका वक्तृत्वपूर्ण, तितकी ही गरज कमी भासते, हे यातील खरे दुखणे आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. निवाड्यापूर्वी प्रत्येक चित्रपट पाहिलाच पाहिजे असे म्हटले, तर नकाराचा हक्कच नाहीसा होतो. ज्या प्रतिमेने मृताची विटंबना होते असे सांगितले जाते, ती पाहणे म्हणजे त्या विटंबनेत सहभागी होणे नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे. मात्र पाहण्यास नकार देणे आणि दोषी ठरवणे या दोन भिन्न कृती आहेत. नकार हा स्वतःच्या वर्तनाविषयीचा निर्णय असतो. त्यासाठी विश्वासू माणसाचा शब्द पुरेसा असतो. निवाडा हा दुसऱ्याविषयीचा निर्णय असतो आणि त्याची किंमत दुसरा मोजतो. पाहण्यास नकार देणाऱ्याने निवाड्याचाही मोह आवरला, तर त्याच्या नकाराला अधिकच प्रतिष्ठा येते.

या भेदाच्या प्रकाशात दानेकडे पुन्हा पाहिले म्हणजे त्याचे वर्तन वाटते तितके अंधश्रद्ध राहत नाही. त्याच लेखात तो दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या एका दृश्यमालिकेचे वर्णन करतो. आफ्रिकेतील दुष्काळग्रस्तांसाठी प्रसिद्ध गायक एकत्र येऊन गात आहेत, आणि त्यांचे चेहरे भुकेने सुकलेल्या मुलांच्या चेहऱ्यांत विरघळत जातात, मुलांचे पुन्हा गायकांच्या. सधन आणि उपाशी यांच्यातील अंतर पुसून टाकणाऱ्या त्या मृदू संक्रमणात दानेला आपल्या काळातील अधमपणा दिसला. येथे साक्षीदार रिव्हेत नव्हे, दाने स्वतः आहे. तीस वर्षांपूर्वी उसने घेतलेले तत्त्व त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला लावले. 'कापो'चा निवाडा त्याने उसना घेतला, तेथे तो चुकला असेल. तत्त्व उसने घेण्यात तो चुकला नाही. तत्त्वाची परतफेड स्वतःच्या पाहण्याने करता येते. निवाड्याची परतफेड करण्याचा मार्ग एकच आहे, तो म्हणजे चित्रपट पाहणे.

आज चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्यावरील निकाल सर्वदूर पोहोचलेला असतो आणि एकाच दृश्यावरून संपूर्ण कृती व तिचा कर्ता यांना निकालात काढणे नित्याचे झाले आहे. अशा काळात रिव्हेतच्या परीक्षणाचा वारसा दोन प्रकारे चालवता येतो. त्याच्या संतापाचे अनुकरण करणे सोपे आहे, आणि तेच अधिक होताना दिसते. त्याच्या वर्णनाचे अनुकरण करणे कठीण आहे. कॅमेरा कोठून कोठे सरकला, हात चौकटीत कोठे आला, हे त्याने इतके नेमके सांगितले, की चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही त्याचे म्हणणे पडताळता यावे, वेळप्रसंगी खोडून काढता यावे. १९६१ मध्ये तो चित्रपट पुन्हा पाहणे बहुतेक वाचकांना दुरापास्त होते. आज तसे नाही. समीक्षकाचे आप्तत्व अखेर याच गोष्टीत आहे : आपल्या निवाड्याविरुद्ध वापरता येईल इतका स्वच्छ पुरावा वाचकाच्या हाती देणे. वाचकाचे कर्तव्यही तेवढेच स्पष्ट आहे. तो पुरावा घेऊन त्याने चित्रपटापर्यंत जावे, आणि तोवर त्या दिग्दर्शकाविषयीचा तिरस्कार स्थगित ठेवावा.