मागोवा

जाणणें आणि जबाबदार होणें ह्यांत कांहीं नातें आहे काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाहीं. व्हेल शार्क हा जगांतला सर्वांत मोठा मासा. त्याच्या अंगावर यंत्र बसवून शास्त्रज्ञांनीं त्याच्या वाटा व बुड्या मोजल्या, तेव्हां तो 1,900 मीटरांहूनही खोल उतरतो असें दिसून आलें. इतक्या खोल तो कां जातो, ह्याविषयीं मात्र अजून तर्कच चालतात. यंत्र ठिकाण सांगतें. हेतु सांगत नाहीं.

माग काढण्याची हीच विद्या आतां आमच्या घाटमाथ्यावरही आली आहे. साताऱ्याकडील कोयना अभयारण्य आणि सांगलीकडील चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 सालीं सह्याद्रि व्याघ्र प्रकल्प झाला. नोव्हेंबर 2025 मध्यें ताडोब्याच्या रानांतून एक तरुण वाघीण चांदोलीस आणली आणि गळ्यांत रेडिओ-पट्टा बांधून तिला तेथें सोडलें. नव्या मुलखांत ती कोठें फिरते, कोठें थांबते, हें कळावें म्हणून ही दक्षता; आणि ती आम्हांस योग्यच वाटते.

परंतु ह्याच खोऱ्यांत पूर्वी गांवें होतीं. कोयनेच्या धरणामुळें व पुढें अभयारण्यांमुळें तीं उठलीं. कोणी सांगलीच्या सपाटीवर, कोणी सोलापुराकडे, कोणी ठाण्या-रायगडाकडे गेले. धरण 1960 नंतरच्या दशकांत पुरें झालें. त्यानंतर पन्नास वर्षें लोटलीं तरी जमिनीसाठीं ह्या कुटुंबांना आंदोलन करावें लागत होतें. त्यांच्या पावलांचा मागोवा कोणीं घेतला?

कोणी म्हणेल, मग माणसाच्या गळ्यांतही पट्टा बांधावा काय? मुळींच नाहीं. माणसावर पाळत नको, त्याची दखल हवी. वाघिणीला आपलें म्हणणें सांगतां येत नाहीं, म्हणून तिच्यासाठीं यंत्र लागलें. विस्थापित तर बोलत होता. तेथें यंत्र नव्हे, कान हवा होता. साधन नव्हतें ही सबब वाघिणीपुरती एके काळीं चालली असती. माणसापुरती ती कधींच खरी नव्हती.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्याला आपण त्याच्या जागेवरून उचललें तो पुढें कोठें गेला व कसा जगला, हें जाणून घेणें ही उचलणाऱ्याच्या ऋणाची पहिली फेड होय. वाघिणीच्या बाबतींत हें ऋण आपण ओळखलें. गांव सोडलेल्या शेतकऱ्याच्या बाबतींत फार उशीर झाला आहे. पण उशीर झाला म्हणून ऋण फिटत नाहीं.