शिक्षणाचा भाव

१९९१ नंतर देशाचे दरवाजे परदेशी व्यापाराला खुले झाले आणि मुंबईत इंग्रजीचा भाव वाढला. कचेरीतल्या नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्याला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पगार मिळू लागला. या काळात आईबाप मुलांना कोणत्या शाळेत घालत होते, हे कैवान मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थतज्ज्ञांनी दादरमधल्या शाळांची आणि कुटुंबांची माहिती गोळा करून तपासलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध व्यापारावरच्या अनेक जाड ग्रंथांपेक्षा मला अधिक शिकवून गेला. कष्टकरी जातींतल्या मुली इंग्रजी माध्यमाकडे झपाट्याने वळल्या होत्या. त्याच जातींतले मुलगे मात्र बऱ्याच अंशी मराठी शाळेतच राहिले.

असं का झालं, हे कळायला या मुलग्यांचे बाप जिथे राबत, त्या कापड गिरणीच्या दारात जावं लागतं. काम हवं असलं, तर गावचा किंवा जातीचा माणूस कामगार भरणाऱ्या जॉबरच्या कानावर घाली. पोरगा आधी बदली कामगार म्हणून लागे, पुढे साच्यावर, म्हणजे मागावर. तुटलेला धागा हेरून झटक्यात गाठ मारणं, धोट्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणं हे तो शेजारच्या साच्यावरच्या माणसाकडून शिके. नोकरी ज्या ओळखीने मिळे, कसबही त्याच ओळखीने हाती येई. मुलगा इंग्रजी शाळेत गेला की तो या साखळीतून सुटे, आणि मागे राहिलेल्यांसाठी साखळी तेवढी कमजोर होई. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव खचलं, तरी या साखळीची पकड लगेच सैल झाली नाही. मुलींना मात्र या साखळीने कधी फारसं काही दिलंच नव्हतं, म्हणून त्यांच्यापाशी सोडण्यासारखंही काही नव्हतं. संकटात ज्या ओळखींनी मुलग्यांना सावरलं, त्यांनीच त्यांना अडकवूनही ठेवलं, हे मला फार क्लेशकारक वाटतं. मुलग्यांना मराठी शाळेत ठेवणाऱ्या बापांना अडाणी ठरवण्याची माझी मुळीच तयारी नाही.

व्यापाराच्या पुस्तकी सिद्धांतात कसबाची ही गोष्ट येत नाही. अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८१७ मध्ये इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची वाइन यांचं प्रसिद्ध उदाहरण दिलं. ज्याला जे तुलनेने स्वस्तात जमतं, ते त्याने करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. द्राक्षांना लागणारं ऊन निसर्ग देतो. कसब तसं नाही. ते माणसांत असतं, ते कमवायला वर्षं लागतात, आणि कोणी ते कमवायचं हे पुष्कळदा परदेशातल्या मागणीवर ठरतं.

ही मागणी मुलांना नेहमी शाळेकडेच नेते असं नाही. मेक्सिकोत १९८६ ते २००० या काळात निर्यातीचे कारखाने भराभर वाढले. डेव्हिड अ‍ॅटकिन यांच्या अभ्यासानुसार, तिथे दर २५ नव्या नोकऱ्यांमागे एक विद्यार्थी बारावीपर्यंत जाण्याऐवजी नववीलाच शाळा सोडत होता. सुटे भाग जोडणाऱ्या किंवा कपडे शिवणाऱ्या कारखान्याला त्याहून जास्त शिक्षण नकोच होतं. गरीब घराच्या हिशोबात बुडालेला पगार हासुद्धा शिक्षणाचाच खर्च असतो. दारात रोजगार आला की फी एका पैशानेही न वाढता शाळा महाग होते. व्यापाराने देशाचं उत्पन्न वाढतं हे मला मान्य आहे. पण सोळाव्या वर्षी घेतलेल्या त्या निर्णयाची किंमत पुढे चाळीस वर्षं एकट्या कामगाराने मोजावी, हे मान्य नाही.

मेक्सिकोच्या सरकारने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना आणली. मूल शाळेत जात असेल तर आईच्या हातात रोख रक्कम, इयत्तेबरोबर वाढत जाणारी आणि माध्यमिक शाळेत मुलींसाठी थोडी जास्त. बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारने उचलावा, हा विचार मला न्याय्य वाटतो. फक्त ही मदत सुरुवातीला नववीला संपत होती, नेमकी जिथे कारखान्याची ओढ सुरू होते तिथे. ती बारावीपर्यंत न्यायला २००१ साल उजाडलं.