द्वेषाची वही कोणत्या पानापासून वाचावी?

मोबाइल आल्यापासून युद्धाचे व दहशतवादाचे चित्रपट खेड्यापाड्यांतील घरांतही पाहिले जातात. चित्रपट पाहणे हेच मुळी पाप, असे मानणारे वडीलजन आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांच्याशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. जे पाहतात, व ज्यांची लेकरे मांडीशी बसून पाहतात, त्यांच्यापुढे एक प्रश्न ठेवावयाचा आहे. तो हा की, शत्रूच्या मनात द्वेष कोठून आला हे दाखविणे म्हणजे त्याच्या पातकाला सबब पुरविणे होय काय?

बहुतेक चित्रपट या प्रश्नाच्या वाटेसच जात नाहीत. त्यांतील दहशतवाद्याला आई नसते, गाव नसते, बाळपण नसते. तो असा का झाला, याचे उत्तर त्याच्या टोपीत व दाढीत दाखविलेले असते. तेच उत्तर मनात घेऊन पाहणारा दुसऱ्या दिवशी बाजारात जातो. नशिराबादेत हिंदु व मुसलमान एकाच बाजारात भाजी घेतात, हे येथे ध्यानात ठेविले पाहिजे.

याला अपवाद म्हणून अनुराग कश्यप यांच्या ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटाचा उल्लेख करणे योग्य होईल. मुंबईत 12 मार्च 1993 रोजी झालेल्या बाँबस्फोटांत 257 माणसे मेली. त्या घोर कृत्याची ही हकीकत. खटला चालू असल्यामुळे न्यायालयाने प्रदर्शन रोखिले, व चित्रपट 2007 साली लोकांपुढे आला. स्फोट आरंभी दाखवून तो पुढे मागे वळतो, आणि 1992 चा डिसेंबर व 1993 चा जानेवारी यांतील दंगलींपाशी येतो. त्यांत सुमारे 900 जीव गेले होते. दंगलींच्या मागे अयोध्या, अयोध्येच्या मागे आणखी जुनी पाने. सावकाराच्या वहीसारखाच हा प्रकार आहे; ज्या पानावर आपले येणे लिहिले आहे, तेथूनच प्रत्येक पक्ष वही उघडतो.

कोणी म्हणेल, अशाने खुन्याचा अपराध हलका होतो. आम्हास तसे वाटत नाही. दंगलीत ज्यांची दुकाने जळाली, ज्यांचे आप्त मारिले गेले, अशी माणसे पुष्कळ होती. त्यांतील बहुतेकांनी बाँब ठेविले नाहीत. अन्याय एकच, पण वाटा निराळ्या. म्हणून दोष ज्याचा त्याचा. यहेज्केलाच्या अठराव्या अध्यायात आंबट द्राक्षांची म्हण देव मोडून काढितो ती याचसाठी. आणि बापाचे पातक मुलावर नाही, तर आजोबांच्या वेळचे वैर नातवाकडून वसूल करण्याचा हक्क तरी कोणास पोहोचतो?

आपल्या खानदेशातच पाहा. धुळ्यास 6 जानेवारी 2013 रोजी खाणावळीच्या किरकोळ बिलावरून तंटा झाला, त्याची दंगल झाली, व पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. बिलापायी का कोणी शहर पेटवितो? सरपण आधीच रचून ठेविलेले होते.

योनाचा निनवेवरील रागही वडिलोपार्जित होता, आणि तो निष्कारण नव्हता. अश्शूरी लोकांनी इस्राएलास खरोखरच छळिले. देवाने त्या छळाचा हिशेब खोटा ठरविला नाही. त्याने त्याला त्या शहरातील उजवाडावा हात न कळणारी 1,20,000 माणसे दाखविली, आणि पुष्कळ गुरेढोरेही. योनाने काय उत्तर दिले, हे त्या पुस्तकात नाही.

तरुणांच्या सभेत एखाद्या अशा चित्रपटाची गोष्ट निघाली, तर उपदेशक बंधूंनी तो चांगला की वाईट हा वाद बाजूस ठेवून एवढेच विचारून पाहावे, की यातील शत्रूचे घर कोठे दाखविले आहे, आणि त्या घरात कोण कोण राहते?